कुत्रं आडवं आलंच नव्हतं

आपल्या होस्टेलच्या नोटीस बोर्डावर गेल्या जानेवारीपासून एक कागद लावलेला आहे. 'सायंकाळी सात वाजल्यानंतर कोणत्याही विद्यार्थ्याने दुचाकी आवाराबाहेर नेऊ नये. उल्लंघन करणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल.' या कागदाला येता-जाता सगळ्यांनी शिव्या घातल्या आहेत. कुणाचा रात्रीचा चहा गेला, कुणाची क्लासवरून परत यायची सोय गेली, कुणाला अकोल्याहून येणाऱ्या गाडीवर मित्राला घ्यायला बडनेऱ्याला जाता येत नाही.

हा कागद कुणामुळे लागला हे तुम्हा सर्वांना माहीत आहे. माझ्यामुळे. मी आणि माझा रूममेट रात्री परतवाडा रोडने येत होतो, कुत्रं आडवं आलं, गाडी स्लिप झाली आणि रूममेटचा पाय मोडला. हीच स्टोरी मी रेक्टर सरांना सांगितली, घरी सांगितली, मेसमध्ये सांगितली. इतक्यांदा सांगितली की शेवटी शेवटी मला त्या कुत्र्याचा रंगसुद्धा आठवायला लागला होता.

मित्रांनो, कुत्रं आडवं आलंच नव्हतं. रात्रही नव्हती. सकाळचे अकरा वाजले होते, स्वच्छ ऊन होते आणि आम्ही रोडवरही नव्हतो. आज मॅगझिनच्या निमित्ताने खरे काय ते लिहितो आहे. माफी मागणे हा त्याचा एक भाग आहे. दुसरा भाग माझे मत आहे, आणि ते सांगायचे तर आधी घडले ते सांगावे लागेल.

माझ्या चुलतभावाने मोठी ॲडव्हेंचर बाईक घेतली. उंच सीट, लांब सस्पेन्शन, पुढे एकवीस इंची चाक, वजन दोनशे किलोच्या घरात. तो कामानिमित्त पुण्याला गेला की गाडी माझ्या ताब्यात. गेल्या डिसेंबरात दोन दिवस अवकाळी पाऊस पडला. तिसऱ्या दिवशी ऊन निघाले. यूट्यूबवर पाहून पाहून मला चिखलाची हौस आलेली. रूममेटला म्हटले, चल, चिखलदऱ्याकडे जाऊ. त्याची हिवाळी परीक्षा चालू होती, मध्ये चार दिवसांचा गॅप होता. तो नको म्हणत होता. मी म्हटले, दुपारच्या जेवणाला परत येऊ.

परतवाडा सोडून घाट लागायच्या आधी एका गावाजवळ आम्ही डांबरी सोडली आणि टेकडीवरच्या शेतांकडे जाणाऱ्या पांदणीने वर गेलो. चढ जमला. खरे सांगायचे तर चढ गाडीने चढला, मी फक्त ॲक्सिलरेटर पिळला होता. पण मला वाटले, आपल्याला येते. वर पोचल्यावर पलीकडच्या अंगाने दुसरी वाट खाली उतरत होती. तिकडून एक काका साध्या शंभर सीसीच्या गाडीवर दुधाचे रिकामे कॅन लटकवून वर आले. आम्हाला पाहून थांबले आणि म्हणाले, "इकून नोका जाऊ बापू. खाली चिबड हाय."

इथे मला माझ्या शिक्षणाची लाज सांगावी लागते. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये. 'चिबड' म्हणजे काय हे मला माहीत नव्हते. मला वाटले, कुठल्या गावाचे नाव असेल. मी मान डोलावली, 'हो हो काका' म्हणालो आणि गाडी उतारावर घातली. मागून रूममेट, जो दर्यापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा आहे आणि ज्याला तो शब्द आईच्या दुधाबरोबर मिळालेला आहे, तो ओरडला, "अबे थांब, चिबड म्हंते थो!" पण माझ्या डोक्यावर हेल्मेट होते आणि खाली मोठे इंजिन होते.

चिबड म्हणजे पाणी मुरून मऊ झालेली, पाय घालाल तर रुतणारी जमीन. हे मी नंतर शिकलो.

उतार जसा वाढला तशी गाडी पळायला लागली. मी घाबरलो आणि घाबरलेला माणूस जे करतो ते सगळे एकदम केले. क्लच दाबला, पुढचा ब्रेक आवळला आणि दोन्ही पाय खाली सोडले. पुढचे चाक लॉक झाले आणि हँडल हातातून गेले. मी एका बाजूला फेकला गेलो. रूममेटचा डावा पाय गाडी आणि दगड यांच्यामध्ये सापडला. गाडी उचलायला मी दोनदा जोर लावला, चिखलात माझेच पाय घसरत होते, गाडी हलेना. तो ओरडत नव्हता, हे सगळ्यात भयंकर होते. तो फक्त म्हणत होता, "उचल ना बे. उचल ना."

ते दूधवाले काका वरून पाहत होते. ते त्याच उताराने त्यांच्या गाडीवर खाली आले, आणि आले ते अगदी सावकाश. मधल्या चाकोरीतून नाही, कडेच्या गवतावरून आणि दगडगोट्यांवरून, पहिल्या गिअरमध्ये, क्लचला हात न लावता. आम्ही दोघांनी मिळून गाडी उचलली. काकांनी एक फाटका पंचा आणि दोन काड्या घेऊन पाय बांधला, गावातून ऑटो बोलावला. मला ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "किलच दाबून उतरला काय? मंग थे गाडी तुही नाई राह्यली, उताराची झाली."

पुढचे तुम्हाला माहीत आहे. नडगीचे हाड दोन ठिकाणी मोडले होते. रॉड टाकला. रूममेटचे दोन पेपर गेले. त्याच्या घरचा त्या वर्षीच्या कपाशीचा पैसा दवाखान्यात गेला. त्याची आई वॉर्डमध्ये बसून त्या कुत्र्याला शिव्या घालायची आणि मला चहा प्यायला पैसे द्यायची. तो चहा मी प्यायलो.

आता माझा मुद्दा.

आपण इंजिनिअरिंग शिकतो. मशीन मोडले की आधी विचारतो, कशामुळे मोडले? कारण चुकीचे लिहिले तर उपायही चुकीचा निघतो. मी रिपोर्टमध्ये 'रात्र' आणि 'कुत्रं' लिहिले. म्हणून सरांनी रात्रीची बंदी घातली. त्यांनी हाती असलेल्या माहितीवर योग्यच केले. पण त्या बंदीने पुढचा अपघात टळत नाही, कारण तोही बहुधा भर दिवसा, कोरड्या डांबरीपासून दूर होईल. माझ्या डोळ्यासमोर गेल्या सहा महिन्यांत आपल्या होस्टेलमधल्या तिघांनी मोठ्या ऑफ-रोड बाईक आणल्या आहेत. पाऊस पडला की चिखलदऱ्याचे प्लॅन होतात. त्यांना कुणीच काही शिकवलेले नाही, जसे मला नव्हते.

खरे कारण काय होते? तीन गोष्टी होत्या: माती, उतार आणि वजन.

माती आधी घेऊ. आपल्या वऱ्हाडची काळी माती ही दख्खनच्या बेसॉल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची, झीज होऊन बनलेली. तिच्यात माँटमोरिलोनाईट नावाचे चिकणखनिज भरपूर असते. ते पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच मातीच्या. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात तर ही माती फार खोल आहे. रूममेट सिव्हिलला आहे. कुबड्या घेऊन कॉलेजला यायला लागल्यावर त्याने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर गाडीच्या मडगार्डमध्ये वाळून बसलेला चिखल खरवडून सॉईल लॅबमध्ये नेला. वाळवून, चाळून दहा ग्रॅम माती एका सिलिंडरमध्ये पाण्यात आणि दहा ग्रॅम दुसऱ्यात रॉकेलमध्ये टाकली. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही. चोवीस तासांनी पाहिले तर पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीच्या जवळजवळ दुप्पट जागा व्यापून बसली होती. तो म्हणाला, "हे पाय तुहं कुत्रं."

पावसाळ्यातला चिखल पातळ असतो, वाहून जातो, त्यावर पुन्हा पाऊस पडतो. हिवाळ्यातला चिखल जास्त फसवा. ऊन तिरपे असते, रात्री दव पडते, हरभऱ्याला आणि गव्हाला सोडलेले पाणी पांदणीत येऊन साचते. वरून पापडी धरते, कोरडी दिसते, आणि खाली लोण्यासारखी माती असते. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस विदर्भात अवकाळी पाऊस झाला तेव्हा शेतकऱ्यांचे काय हाल झाले ते तुमच्यापैकी पुष्कळांनी घरीच पाहिले आहे. असा चिखल चाकाला नुसता लागत नाही, तो चाकाबरोबर फिरतो. टायरच्या खाचा भरून गेल्या की कितीही महागाचा टायर गुळगुळीतच. मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये माती दाबून बसली की चाक फिरायचे थांबते. खऱ्या डर्ट बाईकचे पुढचे मडगार्ड एवढे उंच असते ते स्टाईलसाठी नाही, याचसाठी असते. खेड्यातली मंडळी पावसाळ्यात पुढचे मडगार्ड काढूनच ठेवतात. आपण त्यांना हसतो.

दुसरा उतार. पाय बरा झाल्यावर आम्ही दोघे एसटीने आणि मग पायी पुन्हा तिथे गेलो. मोबाईलच्या ॲपने उतार मोजला. साधारण १८ अंश भरला. डोळ्याला फार वाटत नाही. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये आपण सगळ्यांनी हे गणित केले आहे: उतारावरची वस्तू घसरू नये म्हणून घर्षणाचा गुणांक निदान उताराच्या टॅनइतका पाहिजे. टॅन १८ म्हणजे सुमारे ०.३२. कोरड्या डांबरावर टायरला ०.७-०.८ सहज मिळतो. ओल्या चिकणमातीवर तो ०.३२ च्याही खाली जाऊ शकतो. म्हणजे नुसते जागेवर उभे राहायलाच पकड पुरत नव्हती, ब्रेक लावून थांबायला कुठून पुरणार? त्यात चाक लॉक झाले की ते वळतही नाही. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडून उतरले तर इंजिन मागच्या चाकाला धरून ठेवते आणि तरीही चाक फिरत राहते. काकांना टॅन थीटा माहीत नव्हता. पण गवत आणि दगड यांच्यावर चिखलापेक्षा जास्त पकड मिळते हे त्यांना रोजच्या चाळीस लिटर दुधाने शिकवले होते.

तिसरे वजन. या गणितात एक गंमत आहे. सूत्रात दोन्ही बाजूंना वस्तुमान येते आणि कटून जाते. गाडी शंभर किलोची असो की दोनशेची, घसरायची तर दोन्ही सारख्याच घसरतील. परीक्षेत आपण आनंदाने दोन्हीकडचे 'एम' कापतो. पण पायावर पडल्यावर ते कटत नाही. दोनशे किलोची गाडी आणि आम्ही दोघे एकशेतीस किलो, म्हणजे १८ अंशाच्या उतारावर शंभर किलोच्या वर ओढ खालच्या दिशेने. ती काकांच्या गाडीला त्याच्या निम्मीच होती.

आणि इथेच आपली सगळ्यांची समजूत चुकते. मोठी गाडी म्हणजे अवघड रस्त्याची गाडी, असे आपल्याला वाटते. २०१६ साली हिमालयन आली, २०१९ साली एक्स्पल्स आली आणि आपल्याकडच्या मुलांना पहिल्यांदाच परवडणाऱ्या किमतीत अशा गाड्या मिळू लागल्या. गाड्या चांगल्याच आहेत, माझी त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. पण मोटोक्रॉसच्या शर्यतीत धावणारी ४५० सीसीची गाडी किती वजनाची असते माहीत आहे? ११० किलोच्या आसपास. म्हणजे साधारण आपल्या स्प्लेंडरएवढी! जगातले अव्वल रायडर चिखलात उड्या मारतात ते स्प्लेंडरच्या वजनाच्या गाडीवर, आणि आपण दोनशे किलोच्या गाडीवर, मागे रूममेटला बसवून, कॉलेजची सॅक पाठीला लावून. दोनशे किलोच्या गाड्या लांबच्या, खराब रस्त्यांच्या प्रवासासाठी आहेत. त्याही चिखलात जातात, पण ज्याला येते त्याच्या हाताने जातात.

येते म्हणजे किती येते? सी. एस. संतोष हा २०१५ साली डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय. छत्तिसावा आला होता. त्याच संतोषचा २०२१ च्या डाकारमध्ये इतका गंभीर अपघात झाला की त्याला कित्येक दिवस कृत्रिम कोमात ठेवावे लागले. केरळचा हरिथ नोआ २०२४ साली डाकारमध्ये रॅली-२ गटात पहिला आला. ही माणसे वर्षानुवर्षे रोज सराव करतात आणि शर्यतीत पडली तर उचलायला हेलिकॉप्टर येते. आपल्याला उचलायला कोण येणार? दूधवाले काका, तेही तिथे असले तर.

आता कुणी म्हणेल, आणि आमच्या एका सरांनी हे म्हटलेही, की मग जायचेच कशाला? हे कॉलेज आहे, सर्कस नाही. अभ्यास करा. सरांचा आदर ठेवून मी म्हणेन, हे उत्तर अर्धेच बरोबर आहे.

नुसत्या मौजेसाठी गेलो होतो, हे मी नाकारत नाही. ती मौजही खरी आहे. फूटरेस्टवर उभे राहून, गुडघ्यांनी गाडी धरून, नजर दूर ठेवून चढ चढताना जे वाटते ते क्लासरूममध्ये वाटत नाही. पण चिखलातून गाडी चालवणे ही आपल्या भागात फक्त हौस नाहीच. जून २०२२ मध्ये आपल्या अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज रेकॉर्ड झाला. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि असावाही. पण त्याच महामार्गावरून दहा किलोमीटर आत वळा. पांदणीतून सोयाबीनची गाडी निघत नाही म्हणून पीक शेतातच पडून असते. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ साली मातोश्रींच्या नावाने सरकारने वेगळी योजना काढली ती उगीच नाही. मेळघाटात तर आशाताई, नर्स, शिक्षक, लाईनमन याच वाटांनी रोज जातात. बैरागडला राहून काम केल्याबद्दल डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. सुरुवातीला डॉक्टर तिथे पायी गेले होते. २०१७ साली मुंबईत १०८ च्या बाईक ॲम्ब्युलन्स सुरू झाल्या आणि पुढे मेळघाटातही त्या देण्यात आल्या, कारण मोठी ॲम्ब्युलन्स जिथे पोचत नाही तिथे बाईक पोचते. ती बाईक कुणीतरी चालवतेच ना? आमच्या आजोबांच्या पिढीने ती विद्या राजदूतवर शिकली. पोलंडच्या डिझाईनवर बनलेली ती गाडी दुधाच्या कॅनसाठीच जन्मली असावी असे वाटायचे. आजोबा म्हणायचे, चिखलात गाडी चालवायची नसते, तिला चालू द्यायची असते. तेव्हा मला हा वाक्प्रचार वाटला होता. आता कळते की ती ड्रायव्हिंगची सूचना होती.

म्हणजे विद्या आपल्या आजूबाजूला आहे. फक्त ती ज्यांच्याजवळ आहे त्यांच्याकडे पन्नास हजाराच्या जुन्या गाड्या आहेत आणि ते 'चिबड' म्हणतात. आणि आपल्याकडे तीन लाखांची गाडी आहे आणि आपल्याला तो शब्द कळत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला पूर्वी अजिबात महत्त्वाची वाटत नव्हती. मेळघाट हा १९७३-७४ साली जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. नरनाळ्याचे अभयारण्यही त्याचाच भाग. परवानगीशिवाय जंगलाच्या वाटेत गाडी घालणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवा. ओल्या उतारावर दहा बाईक गेल्या की खोल चाकोरी पडते, पुढच्या पावसात पाणी तिच्यातूनच धावते आणि दोन वर्षांत तिथे घळ होते. शेतातल्या पांदणीचेही तसेच. आम्ही ज्या वाटेवर पडलो तिथे आमच्या घसरण्याची खूण अजून आहे. काकांना आता त्या जागी वळसा घालून जावे लागते. हे त्यांनीच दाखवले. तक्रार म्हणून नव्हे, सहज.

तेव्हा माझे म्हणणे असे. रेक्टर सर आणि प्राचार्य सरांनी वाचावे अशी विनंती.

एक. सातची बंदी माझ्या खोट्यावर उभी आहे, ती पुन्हा तपासावी. तिच्याऐवजी गेटवर एक रजिस्टर ठेवावे: कुठे जातो, कोणत्या वाटेने, कोण सोबत, परत कधी. त्या दिवशी आम्ही कुठे आहोत हे जगात कुणालाच माहीत नव्हते.

दोन. वर्कशॉपच्या मागे पडीत जागा आहे, तीही काळ्या मातीची. ऑटोमोबाईल लॅबमध्ये शंभर सीसीची जुनी गाडी धूळ खात आहे. हिवाळ्यात टँकरने पाणी मारून तिथे महिन्यातून एक रविवार सराव ठेवता येईल. लहान गाडी, छोटा उतार, एका वेळी एक जण. पडायचे कसे हेही तिथेच शिकता येईल. देशभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुले २००७ पासून बाहा एसएई इंडिया स्पर्धेसाठी ऑफ-रोड गाड्या बनवतात आणि चिखलात चालवतात. पण तिथे हेल्मेट आणि बेल्टशिवाय कुणाला सीटवर बसू देत नाहीत. तोच नियम इथे लावावा. आणि शिकवायला त्या दूधवाल्या काकांना बोलवावे, मानधन देऊन. हे मी विनोदाने लिहिलेले नाही.

तीन. चिखलात आणि उतारावर डबल सीट नाही. कधीच नाही. मी एकटा असतो तर माझे पेपर गेले असते, त्याचे नाही.

चार. एकटे जायचे नाही, निदान तीन गाड्या. साधे स्पोर्ट शूज नाहीत, घोट्याच्या वर येणारे बूट हवेत. हेल्मेट तर आहेच. २०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. त्यांत आमचे दोन आकडे मिळवायचे राहिले ते नशीब.

पाच. हा नियम कागदावर लावता येत नाही, पण मी तो पाळतो. वाटेवर गावचा माणूस भेटला आणि काही म्हणाला, की गाडी बंद करायची, हेल्मेट काढायचे आणि विचारायचे, "काका, काय म्हणाले? समजलं नाही." यात कमीपणा नाही. माझ्या मते ऑफ-रोडिंगचे हे पहिले कौशल्य आहे. क्लच आणि ब्रेक त्यानंतर.

हे छापून आल्यावर माझ्यावर कारवाई होऊ शकते. होऊ द्या. रूममेटच्या आईला मी आधीच जाऊन सगळे सांगितले आहे. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मले तवाच वाटलं होतं. कुत्रं आडवं आल्यावर माणसाच्या कानात चिखल जात नाई." आणि पुन्हा चहा ठेवला. या वेळचा चहा मला गिळायला जास्त जड गेला.

रूममेट आता चालतो, थोडा लंगडतो, थंडीत रॉड दुखतो म्हणतो. राहिलेले दोन पेपर त्याने उन्हाळी परीक्षेत काढले. हा लेख लिहायची परवानगी त्याने दोन अटींवर दिली आहे. त्याचे नाव येऊ नये, आणि त्या कुत्र्याची मी जाहीर माफी मागावी.

तर परतवाडा रोडवरच्या, कधीही आडव्या न आलेल्या त्या कुत्र्याची मी या मॅगझिनच्या पानावरून जाहीर माफी मागतो. आणि सात वाजता गेट बंद झाल्यावर आतून रोडकडे बघत बसणाऱ्या तुम्हा सगळ्यांचीही.